गर्भिणीशोथ : काढ्यापूर्वी रक्तदाब

भाताची लावणी आटोपली की धसईच्या बाजारपेठेतील दवाखान्यांत गर्भिणी स्त्रिया पुन्हा दिसू लागतात. महिनाभर चिखलात वाकून काम केलेले असते. कंबर धरलेली, पाय सुजलेले. विचारले तर उत्तर ठरलेले, 'चिखलात उभं राहून सुजलेत.' हे उत्तर आम्ही अनेक वर्षे मान्य करीत आलो. पुनर्नवेचा काढा, गोक्षुराचे चूर्ण, थोडी विश्रांती असे सांगून आम्ही त्यांना घरी पाठवीत असू. आज लिहीत आहोत ते आमच्या ह्याच सवयीविषयी, आणि ते लिहिणे आम्हांस सुखाचे नाही.

काही वर्षांपूर्वी आठव्या महिन्यातील एक पहिलटकरीण सासूसह आमच्याकडे आली. पायांवर सूज, सकाळी चेहऱ्यावरही. डोके दुखते, डोळ्यांपुढे काजवे चमकतात. आम्ही नाडी पाहिली, काढा दिला. रक्तदाबमापक टेबलाच्या खणात होते. त्याचा पट्टा हवा धरीत नव्हता आणि दुरुस्तीचे काम दोन महिने लांबणीवर पडले होते. तिसऱ्या दिवशी पहाटे तिला झटके आले. जीप मिळेपर्यंत उजाडले, मोठ्या रुग्णालयात पोचेपर्यंत दुपार झाली. बाई वाचली. मूल चौदाशे ग्रॅमचे जन्मले आणि अकराव्या दिवशी गेले. सासूने आम्हांस बोल लावला नाही. पुढच्या महिन्यात ती गुडघेदुखीचे औषध घेण्यास आली. आम्ही ते दिले, आणि त्याच दुपारी नवे यंत्र घेण्यास मुरबाडला गेलो.

गर्भधारणेच्या विसाव्या आठवड्यानंतर रक्तदाब १४०/९० वा त्याहून अधिक होणे आणि मूत्रातून प्रथिन जाणे, ह्यास आधुनिक शास्त्र प्री-एक्लॅम्प्सिया म्हणते. प्रथिन न आढळताही यकृत, वृक्क किंवा रक्तबिंबिका बिघडलेल्या असू शकतात, हे आता मान्य झाले आहे. मुळात दोष अपरेचा. ती रुजताना गर्भाशयातील धमन्या जितक्या रुंदावयास हव्यात तितक्या रुंदावत नाहीत. अपरेस रक्त कमी मिळते, आणि तिच्यातून सुटलेली द्रव्ये मातेच्या सर्व रक्तवाहिन्यांचे अस्तर बिघडवतात. सूज हे त्याचे अगदी बाहेरचे, आणि फसवे, लक्षण होय. निरोगी गर्भिणीसही पायांवर सूज येते, आणि जिला झटके येणार आहेत तिला कधी सूज नसतेही. म्हणून सूज पाहून निदान करणारा वैद्य दोन्ही बाजूंनी चुकतो.

बालकाचे काय होते? रक्तपुरवठा अपुरा असल्याने ते गर्भातच खुरटते. मातेस वाचविण्यासाठी प्रसूती लवकर करावी लागली तर खुरटलेपणात अपुऱ्या दिवसांची भर पडते. अशा बालकाच्या यकृतात शर्करेचा साठा नसतो, त्वचेखाली मेद नसतो. जन्मल्यानंतर काही तासांतच त्याची रक्तशर्करा उतरते, अंग गार पडते, स्तन ओढण्याची शक्ती राहत नाही. गर्भिणीच्या मधुमेहात बालक थोराड दिसते, परंतु शर्करा उतरण्याचा धोका त्यासही असतोच, कारण मातेकडून आलेल्या अधिक शर्करेस तोंड देण्याची त्याच्या स्वादुपिंडास सवय जडलेली असते. गुबगुबीत मूल पाहून घरचे निर्धास्त होतात. अशा दोन्ही बालकांना पहिल्या तासात मातेचे दूध आणि मातेच्या उराची ऊब मिळावी. मध, साखरपाणी किंवा गुटी चाटविण्यात तो तास दवडू नये.

आमचे काही मित्र म्हणतील की हे सारे ग्रंथांत आहेच. सुश्रुताने सहाव्या महिन्यात गोक्षुरसिद्ध घृत वा यवागू सांगितली आहे, आणि व्याख्यानांतून तिला ह्या व्याधीचा पूर्वविचार ठरविले जाते. गोक्षुर मूत्रल आहे हे खरे. परंतु मूत्र वाढल्याने अपरेच्या धमन्या रुंदावतात असे आम्हांस कोठे आढळलेले नाही. गर्भपातामुळे होणारा अपतानक सुश्रुताने असाध्यांत गणला आहे. रक्तदाब मोजण्याचे साधन त्या आचार्यांच्या हाती नव्हते. जे त्यांनी असाध्य म्हटले त्याच्यासारख्या आक्षेपांवर आज उपाय आहे आणि तो आपल्या कपाटात नाही. मॅग्नेशियम सल्फेटने झटक्यांचा धोका निम्म्याने घटतो, हे तेहतीस देशांतील सुमारे दहा हजार स्त्रियांवरील परीक्षणातून २००२ साली सिद्ध झाले.

चरकाच्या शारीरस्थानातील नागोदराचे वर्णन मात्र आम्हांस पुनःपुन्हा आठवते. उपवास करणारी, निकृष्ट अन्न खाणारी, स्नेहाचा द्वेष करणारी गर्भिणी. तिचा गर्भ वाढत नाही, शुष्क होतो. आमच्या कातकरी वाड्यांतील स्त्रीचा उपवास व्रताचा नसतो. दिवाळीनंतर ती कुटुंबासह वीटभट्टीवर जाते, पावसाच्या तोंडावर परतते, आणि तिच्या तपासणीच्या कार्डावरचे मधले महिने कोरे असतात. शहापूर तालुक्यात भातसा आहे, १८९२ सालचा तानसा आहे. त्यांचे पाणी मुंबईस जाते आणि उन्हाळ्यात त्याच तालुक्यातील गर्भिणी डोक्यावर दोन हंडे घेऊन टेकडी चढते.

ह्याचा गर्भावर काय परिणाम होतो हे ताडण्यास फार दूर जावयास नको. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळील सहा गावांत गर्भिणींचा अभ्यास चालविला. तेथील बालके सरासरी २.७ किलोची, इंग्लंडातील साउदम्प्टनची ३.५ किलोची. वजन कमी, तरी अंगातील मेद त्या मानाने टिकून होता, स्नायू व अवयव मात्र लहान. मोठेपणी मधुमेहाकडे झुकणारी ही घडण होय. ज्या माता दूध, पालेभाज्या आणि फळे अधिक वेळा खात त्यांची बालके थोर होती, आणि ज्यांस शेतातील व पाणी वाहण्याचे कष्ट अधिक त्यांची लहान. चरकाची मासानुमासिक परिचर्या पहिल्या महिन्यापासून दुधानेच सुरू होते, हे येथे अभिमानाने सांगण्यास हरकत नाही. दूध सांगताना ते परवडते का एवढे विचारावे, आणि परवडत नसेल तर अंगणवाडीत २०१५ पासून मिळणाऱ्या अमृत आहाराच्या जेवणास ती जाते का हेही विचारावे.

आता औषधविक्रेते बंधूंस थोडे कटू बोलावयाचे आहे. गर्भपाल रस आपल्यापैकी बहुतेकांच्या दुकानांत आहे आणि तो चिठ्ठीवाचूनही विकला जातो. त्यात हिंगूळ आहे, नागभस्म आहे. म्हणजे पारा आहे, शिसे आहे. २०१२ साली न्यूयॉर्क शहरातील सहा गर्भवतींच्या रक्तात शिसे अधिक आढळल्याची नोंद अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने प्रसिद्ध केली. त्या स्त्रिया भारतातून आलेली आयुर्वेदीय औषधे घेत होत्या आणि त्या औषधांत गर्भपाल रसही होता. शिसे अपरा ओलांडते आणि गर्भाच्या मेंदूस अपाय करते. त्याची निर्धोक मात्रा ठरविता आलेली नाही. भस्म शास्त्रोक्त असल्यास दोष नाही, हा युक्तिवाद आम्हीही केलेला आहे. परंतु विक्रीस येणाऱ्या प्रत्येक घाणीतील नाग शास्त्रोक्त मारलेला आहे ह्याची हमी आपल्यापैकी कोण देईल? आमच्या दवाखान्यात आम्ही गर्भिणीस नाग-पारदयुक्त कल्प देणे बंद केले आहे. ह्यावर मतभेद होतील. ते ह्याच नियतकालिकात व्हावेत. कुमारी आसवाविषयी मात्र मतभेदास जागा नसावी. आणि पांडुता असलेल्या गर्भिणीस शासकीय लोहगोळी सोडून केवळ आपले लोहकल्प घ्या असे सांगू नये. हिमोग्लोबिन सातच्या खाली असेल तर तिला गोळी नको, रुग्णालय हवे.

१ डिसेंबर २०१६ रोजी धसई राज्यातील पहिले रोकडरहित गाव म्हणून गाजले. वडापाववाल्यापासून औषधविक्रेत्यापर्यंत पैसे घेण्याची यंत्रे काही दिवसांत पोचली. एखादे यंत्र गावभर पोचवावयाचे ठरविले तर ते किती लवकर पोचते, हे आम्ही तेव्हा डोळ्यांनी पाहिले. रक्तदाबमापक त्याहून महाग नाही.

आमच्याकडे आता पुढील रीत आहे. गर्भिणी कोणत्याही कारणाने आली, अगदी खोकल्यासाठी, तरी प्रथम रक्तदाब, मग नाडी. वहीत तारीख, महिना, रक्तदाब, वजन. दर महिन्याच्या ९ तारखेस सरकारी तपासणीचा दिवस असतो, २०१६ पासून. त्यासाठी तिला चिठ्ठी देतो आणि दहा तारखेस ती गेली होती का हे आशाताईंना विचारतो. १४०/९० आढळल्यास त्याच दिवशी आरोग्य केंद्रात. १६०/११० असेल, किंवा डोकेदुखी, काजवे, छातीखाली कळ ह्यांपैकी काही असेल, तर काढा नाही, चूर्ण नाही. १०८ ला दूरध्वनी, आणि गाडी येईपर्यंत तिला डाव्या कुशीवर निजवून आपण शेजारी बसावयाचे. आडवाटेच्या वाड्यांतून पावसाळ्यात अजूनही डोली करून आणावे लागते, म्हणून तेथील गर्भिणीची पुढची तारीख आम्ही पंधरा दिवसांऐवजी आठच दिवसांची देतो.

पट्टा हवा धरतो की नाही, हे दर सोमवारी दवाखाना उघडताना स्वतःच्या दंडावर बांधून पाहतो.