पाण्याची बचत तांब्यात नव्हे, मोरीत

घरात पाणी जपून वापरा असं म्हटलं की सुशिक्षित माणसाकडून हल्ली एक ठरलेलं उत्तर येतं. राज्यातलं बहुतेक पाणी शेतीला जातं, त्यातही थोड्याशा क्षेत्रावरचा ऊस सिंचनाच्या पाण्याचा फार मोठा वाटा घेतो, महापालिकेच्या जलवाहिन्या जागोजागी गळतात. मग मी दाढी करताना नळ बंद केला काय आणि चालू ठेवला काय, धरणात त्याने काय फरक पडणार? सरकारने आणि साखर कारखान्यांनी सुधारायचं सोडून माझ्या बादलीवर कशाला नजर?

या म्हणण्यातल्या तक्रारी खऱ्या आहेत. उसाला पाटाने पाणी सोडणं थांबलं पाहिजे, तिथे ठिबक आलं पाहिजे. गळक्या जलवाहिन्यांचा जाब महापालिकेला विचारलाच पाहिजे. पण या तक्रारींवरून जो निष्कर्ष काढला जातो, तो साफ चुकीचा आहे. शेतीचं पाणी आणि घरातलं पाणी ही जणू दोन वेगळी खाती आहेत, असं त्यात गृहीत धरलेलं असतं. निदान पुण्यात तरी तसं नाही.

खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर ही चार धरणं मिळून सुमारे २९ टीएमसी पाणी साठवतात. पुण्याला बहुतेक पाणी मिळतं ते यातूनच, आणि नवा मुठा उजवा कालवा हवेली, दौंड, इंदापूरकडे पाणी नेतो तेही यातूनच. उन्हाळा तोंडावर आला की कालवा सल्लागार समितीची बैठक बसते आणि तिथे दर वर्षी तोच वाद होतो: शहराला किती ठेवायचं आणि शेतीच्या उन्हाळी आवर्तनाला किती सोडायचं. पुणं मंजूर कोट्यापेक्षा जास्त पाणी उचलतं, हा जलसंपदा विभागाचा आक्षेप फार जुना आहे. म्हणजे कोथरूडच्या बाथरूममध्ये वाया गेलेलं पाणी आणि इंदापूरच्या शेवटच्या चारीपर्यंत न पोचलेलं पाणी एकाच साठ्यातलं असतं.

आता थोडं गणित करू. शहरात ४० लाख माणसं धरली आणि प्रत्येकाने दिवसाला फक्त २० लिटर, म्हणजे एक बादली, पाणी वाचवलं, तर दिवसाला ८ कोटी लिटर वाचतात. वर्षाचे होतात २,९२० कोटी लिटर. एक टीएमसी म्हणजे सुमारे २,८३२ कोटी लिटर. म्हणजे माणशी एका बादलीचा वर्षाचा हिशेब एक टीएमसीच्या वर जातो, आणि खडकवासला धरणाची स्वतःची क्षमता दोन टीएमसीच्या आत-बाहेर आहे. अर्धं खडकवासला ज्यातून भरतं, त्याला कवडीमोल कसं म्हणायचं?

यावर कुणी म्हणेल, हे वाचलेलं पाणी शेवटी उसालाच जाईल. जाऊ शकेल, आणि ते जाऊ नये म्हणून भांडावंच लागेल. पण स्वतः कोट्याबाहेर पाणी उचलणाऱ्या शहराने त्या बैठकीत कोणत्या तोंडाने भांडायचं? आधी आपला वापर आटोक्यात आणला की शेतकऱ्याला ठिबकाचा आग्रह धरण्याचा हक्क आपोआप मिळतो.

दुसरा युक्तिवाद वरवर शास्त्रीय वाटतो. पाणी नष्ट होत नाही, मोरीतून गेलेलं पाणी फिरून नदीलाच मिळतं, मग वाया काय गेलं? शहराला पुरवलेल्या पाण्यापैकी साधारण ८० टक्के पाणी सांडपाणी होऊन बाहेर पडतं, असं अभियंते धरतात. पुण्याचं सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत आणि भीमेतून उजनीच्या जलाशयात जातं. त्याच उजनीतून सोलापूरला पिण्याचं पाणी मिळतं. ते नदीला ‘परत मिळतं’ असं म्हणणाऱ्याने एकदा उन्हाळ्यात मुळा-मुठेच्या काठी उभं राहावं. मुंढव्याच्या जॅकवेलमधून प्रक्रिया केलेलं पाणी कालव्यात सोडलं जातं हे खरं आहे, पण म्हणून ते धरणातल्या पाण्याच्या तोडीचं होत नाही. घरात पाणी कमी वापरलं म्हणून मैला कमी होत नाही, हेही प्रामाणिकपणे मान्य करायला हवं. पण तो वाहून नेणारं पाणी कमी झालं की पंपांवरचा आणि प्रक्रिया केंद्रांवरचा बोजा उतरतो आणि प्रक्रिया न होता नदीत जाणारा लोंढा आवरता येतो.

‘आम्ही पाणीपट्टी भरतो’ हा तिसरा मुद्दा तर एका वाक्यात निकालात निघतो. पुण्यात बहुतेक घरांची पाणीपट्टी वापरावर ठरतच नाही, त्यामुळे ती भरून वापराचा हक्क विकत घेतला असं होत नाही.

एकट्यादुकट्या घरांनी काय होतं, या प्रश्नाला २०१८ मध्ये केपटाउनने उत्तर दिलं आहे. तीन वर्षं पाऊस कमी झाल्यावर तिथे नळ बंद होण्याची वेळ आली होती. फेब्रुवारीपासून माणशी दिवसाला ५० लिटरची मर्यादा घातली गेली. लोकांनी अंघोळी दोन मिनिटांवर आणल्या, अंघोळीचं पाणी बादलीत धरून संडासात वापरलं. शहराचा वापर २०१५ च्या निम्म्याहून खाली गेला आणि पाऊस येईपर्यंत नळ चालू राहिले. त्याच वेळी शेजारच्या शेतकऱ्यांनीही आपल्या धरणातलं पाणी शहराला सोडलं. शेती की शहर असा वाद घालत बसले असते तर दोन्ही बुडाली असती. आपल्याकडे लातूरला २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, आणि पहिल्या खेपेत आलं पाच लाख लिटर. वर सांगितलेली माणशी एक बादली धरली तर तेवढं पाणी २५ हजार माणसं एका दिवसात वाचवतात.

हे झालं खंडन. पण पाणी वाचवा असं सांगणाऱ्यांशीही माझं भांडण आहे. त्यांचे उपदेश बहुतेक वेळा चुकीच्या जागी येतात. पाहुण्याला अर्धाच पेला द्या, हॉटेलात पाणी मागवू नका, असल्या सूचनांनी पाणी वाचवल्याचं समाधान मिळतं, पाणी मिळत नाही. शहरी माणसाला रोज १३५ लिटर पाणी लागतं असं आपल्याकडचं प्रमाण आहे. त्याची वाटणी बघा: पिण्याला ५, स्वयंपाकाला ५, अंघोळीला ५५, कपड्यांना २०, भांड्यांना १०, घर धुण्या-पुसण्याला १० आणि संडासाला ३० लिटर. पिण्याच्या पाच लिटरांत काटकसर कुणीच करू नये, उन्हाळ्यात तर मुळीच नाही. थेंबे थेंबे तळे साचे हे खरं, पण घरातलं पाणी थेंबाने जात नाही, बादलीने जातं. आणि ते जातं अंघोळीत, संडासात आणि कपड्यांत.

आणखी एक खटकतं. बचतीच्या सगळ्या सूचना स्वयंपाकघराला उद्देशून असतात, म्हणजे घरातल्या बाईला आणि भांडी घासायला येणाऱ्या मावशींना. मावशी वाहत्या नळाखाली भांडी विसळतात कारण त्यांना दोन टब कुणी दिलेले नसतात. ते द्यावेत, जरूर द्यावेत. पण तिथे आहेत दहा लिटर. पंचावन्न लिटर आहेत ते शॉवरखाली, आणि शॉवर मिनिटाला आठ-दहा लिटर सहज सोडतो. सात-आठ मिनिटं त्याखाली उभा राहणारा माणूस तीन-चार बादल्या पाणी सोडून बाहेर येतो आणि मावशींना सांगतो, नळ बारीक ठेवा. बादली-तांब्याची अंघोळ वीस लिटरांत होते आणि माणूस तितकाच स्वच्छ होतो.

संडासाचं गणित तर याहून सोपं आहे. जुनी फ्लशची टाकी एका वेळी दहा लिटर सोडते. दोन बटणांची टाकी छोट्याला तीन आणि मोठ्याला सहा लिटर सोडते. चार माणसांच्या घरात प्रत्येकाने दिवसातून चारदा, त्यात एकदाच मोठ्या बटणाचा, वापर केला तर जुन्या टाकीला १६० लिटर लागतात, नव्या टाकीला ६०. दिवसाला शंभर लिटर वाचले, तेही कुणाची गैरसोय न होता. शंभर फ्लॅटच्या सोसायटीत रोज दहा हजार लिटर, म्हणजे एक अख्खा टँकर. टाकी बदलायची ऐपत नसेल तर पाण्याने भरलेली, बूच घट्ट लावलेली लिटरभराची बाटली टाकीत उभी करावी. वीट ठेवू नये. ती झिजते आणि तिची माती वॉशरमध्ये अडकते. टाकी आतल्या आत गळते का, हे पाहायला खाण्याचा रंग टाकीत टाकावा आणि अर्धा तास फ्लश करू नये. भांड्यात रंग उतरला तर वॉशर गेलेला आहे. टपकणारा नळ आवाज करतो म्हणून आपण प्लंबरला बोलावतो. ही गळती मुकी असते, म्हणून महिनोन्‌महिने चालते.

बेसिनखालचा अँगल कॉक अर्धा फिरवून ठेवायला तर पैसाही लागत नाही. खालच्या मजल्यांवर दाब जास्त असल्याने तिथे याचा फायदा सर्वांत मोठा. आरओ यंत्र एक लिटर शुद्ध पाण्यामागे दोन-तीन लिटर बाहेर टाकतं. ते बादलीत धरलं की फरशी आणि संडासाची सोय होते. ते क्षारांचं असतं, म्हणून कुंड्यांना रोज घालू नये. धरणाचं गोड पाणी नळाला येत असेल तर आरओची गरज आहे का, हेच आधी तपासावं.

मराठी घरात आणखी एक मोठी नासाडी आहे आणि तिला आपण स्वच्छता म्हणतो. सकाळी नळ आला की कालचं पाणी ‘शिळं’ म्हणून ओतून द्यायचं आणि पिंप, हंडे, कळश्या ताज्या भरायच्या. ज्या घरांत नळ तासभरच येतो तिथेही हे चालतं. स्वच्छ भांड्यात झाकून ठेवलेलं, ओगराळ्याने काढलेलं पाणी एका रात्रीत खराब होत नाही. नळाला जे ‘ताजं’ पाणी येतं, तेसुद्धा अनेकदा गच्चीवरच्या टाकीत काल-परवापासून साठलेलंच असतं, आणि धरणात तर गेल्या पावसाळ्यापासूनचं. इथे डेंग्यूचा प्रश्न येईल. डासाच्या अंड्यापासून डास व्हायला आठवडाभर तरी लागतो, म्हणून आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळून पिंपं रिकामी करावीत, घासावीत. तो दिवस गाठेपर्यंत आतलं पाणी कपडे आणि फरशीला वापरून संपवावं. आजीने लावलेली सवय मोडायला जड जातं हे मला कळतं. पण आजीच्या काळी ते पाणी विहिरीवरून तिने स्वतः शेंदून आणलेलं असे, आणि ती ते मोरीत नाही, तुळशीत आणि परसातल्या अळूत ओतायची.

या सगळ्याचं मूळ एका गोष्टीत आहे: आपण किती पाणी वापरतो, हे आपल्याला दिसतच नाही. वीज जपतो कारण मीटर आहे. सोसायटीत टँकरचा खर्च सगळ्यांत सारखा वाटला जातो, मग दोघांच्या घराने काटकसर का करावी? जुन्या इमारतींत गच्चीवरून प्रत्येक फ्लॅटला तीन-चार वेगवेगळ्या पाइपांनी पाणी येतं, त्यामुळे एका मीटरने भागत नाही आणि खर्च वाढतो, ही अडचण खरी आहे. पण ज्या सोसायट्या उन्हाळाभर टँकरवर पैसे घालवतात, त्यांनी तरी ही सबब सांगू नये.

येत्या रविवारी फ्लशच्या टाकीत रंग टाकून बघा, अँगल कॉक अर्धे फिरवा, आणि सोसायटीच्या पुढच्या सर्वसाधारण सभेत घरटी मीटरचा ठराव तुम्ही स्वतः मांडा.