चढाईआधीचा ताण
भातकापणी उरकली की खेड तालुक्यात कबड्डीच्या स्पर्धांना रंग चढतो, आणि मैदानाच्या कडेला एक दृश्य हमखास दिसतं: पोरं मातीत बसून पायाचे अंगठे धरतात, मिनिटभर तशीच वाकून राहतात आणि लगेच खेळायला उतरतात. मला हे मनापासून खटकतं. स्नायू एकाच जागी मिनिटाहून जास्त ताणून धरला, तर काही वेळ त्याचा जोर किंचित उतरतो. आणि चढाई असते जेमतेम ३० सेकंदांची. पकडीत सापडलेला चढाईपटू मध्यरेषेकडे झेपावतो, तेव्हा त्याचा एक पाय बचावपटूंच्या मिठीत असतो, कंबर पिळलेली, बोटं रेषेकडे. तिथे जांघेने आणि मांडीच्या मागच्या स्नायूने नुसतं लांबून भागत नाही, लांबलेल्या अवस्थेतच जोर लावावा लागतो. म्हणून आधी हलकं धावून अंग गरम करावं, मग पाय पुढे-मागे, आडवे झुलवावेत, लांब ढांगा टाकत खाली बसावं. झटके देऊन ताणणं नवख्यांनी टाळावंच. अंगठे धरून बसायची वेळ सामन्यानंतरची: २०-३० सेकंद, श्वास न कोंडता. जोडीदाराच्या हातावर पाय दाबायचा, सैल सोडायचा आणि मग आणखी ताणायचा, ही पद्धतही गुणकारी आहे, पण जाणत्या प्रशिक्षकासमोरच. आयोजकांना कळकळीची विनंती: उद्घाटनाची भाषणं लवकर उरका आणि नाणेफेकीआधी दोन्ही संघांना १० मिनिटं मोकळी द्या.