गव्हाविना पाव

पावाचे वजन, भाव आणि शुद्धता ही राज्यसत्तेने आपली जबाबदारी मानली त्याला शतके लोटली. परंतु ज्यांच्या आतड्याला गहूच सोसत नाही, त्यांचा पाव आजही ज्याच्या-त्याच्या नशिबावर आणि खिशावर सोडलेला आहे. अशा सिलिॲक या आजाराच्या रुग्णाने चार दुकाने पालथी घालून, साध्या पावाच्या कितीतरी पट दाम मोजून ग्लुटेनमुक्त, म्हणजे गव्हातल्या चिकट प्रथिनाविना केलेला ब्रेड आणावा आणि चटणी लावून, काकडी-टोमॅटो ठेवून उचलताच त्याचा भुगा व्हावा, ही अडचण वरवर क्षुल्लक वाटते. इतिहासात ठेवून पाहिली की तिचे वजन कळते.

अन्न न पचता तसेच बाहेर पडते आणि माणूस खंगत जातो, अशा रोग्यांचे वर्णन ॲरेटियस या ग्रीक वैद्याने सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी करून ठेवले. पुढे तेराव्या शतकात इंग्लंडने धान्याच्या भावाशी पावाचे वजन बांधून देणारा कायदा केला आणि तो पाच शतकांहून अधिक काळ टिकला. पोटभर पाव मिळणे हा सार्वजनिक प्रश्न ठरला, तोच पाव कुणाला मारक ठरत असेल हा विचार मात्र कुणाच्या मनाला शिवला नाही. बोलोन्याच्या बेकारी या संशोधकाने कणीक पाण्याखाली धुऊन, स्टार्च वाहून गेल्यावर हाती उरणाऱ्या चिकट गोळ्याचा वृत्तांत १७४५ मध्ये प्रसिद्ध केला. म्हणजे ग्लुटेन सापडले होते आणि रोगाची नोंदही होती. दोहोंची गाठ पडायला आणखी दोनशे वर्षे जावी लागली.

सत्याच्या उंबरठ्यापर्यंत येऊन परत फिरण्याचे प्रसंग या दोनशे वर्षांत वारंवार घडले. लंडनच्या सॅम्युएल गी यांनी १८८७ च्या व्याख्यानात निःसंदिग्धपणे सांगितले की हा रोग बरा व्हायचाच असेल तर तो आहारानेच होईल. पण त्यांच्याच पथ्यात पातळ कापून दोन्ही बाजूंनी खरपूस भाजलेल्या पावाला मुभा होती. १९२४ मध्ये अमेरिकेत सिडनी हास यांनी मुलांना केळ्यांवर ठेवले, पाव आणि धान्ये बंद केली, आणि मुले सुधारली. श्रेय मात्र केळ्याला गेले. जे रोज ताटात असते त्याच्यावर संशय घेणे माणसाला सर्वांत जड जाते, हाच या साऱ्याचा अर्थ.

तो संशय घेतला हेग येथील बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांनी. गहू वर्ज्य करण्याचे त्यांचे प्रयोग १९३० च्या दशकातच सुरू झाले होते. १९४४-४५ च्या हिवाळ्यात जर्मन ताब्यातल्या नेदरलँड्समध्ये पाव दुर्मीळ झाला, देशाचा पश्चिम भाग उपाशी होता, तेव्हा या आजाराच्या मुलांना गहूच बाधतो ही त्यांची धारणा दृढ झाली. १९५० मध्ये त्यांनी प्रबंध सादर केला आणि पुढच्या काही वर्षांत सहकाऱ्यांसह दोष नेमका ग्लुटेनचा आहे हे दाखवले. ज्ञान मिळाले ते असे टंचाईच्या काळात. सुबत्ता परतली तेव्हा उद्योगाने पावाला ग्लुटेनवरच उभे ठेवले. १९२८ पासून अमेरिकेत यंत्राने कापलेला पाव विकला जात होताच. १९६१ मध्ये इंग्लंडच्या चोर्लीवूड येथे यंत्राने जोरकसपणे कणीक मळण्याची पद्धत निघाली आणि मऊ, चौकोनी, न तुटणारा स्लाइस हे साऱ्या जगाचे माप झाले.

त्या मापाला ग्लुटेनविना उतरणे किती कठीण आहे हे पिठाच्या स्वभावातच दिसते. ग्लुटेनची जाळी यीस्टचा वायू धरून ठेवते. ती नसली की तांदूळ, बटाटा, टॅपिओका यांचे पीठ कणीक न होता सरबरीत घोळच राहते, भाजल्यावर लवकर कोरडे पडते आणि तुटते. झँथन गम, सुधारित सेल्युलोज आणि इसबगोल यांनी हे चित्र बरेच पालटले. भारत हा इसबगोलाचा जगातला सर्वांत मोठा उत्पादक आणि गुजरातेतील उंझा ही त्याची प्रमुख बाजारपेठ. युरोपातल्या चांगल्या ग्लुटेनमुक्त पावाला आकार देणारी इसबगोलाची भुसी आपल्याच शेतातून जाते आणि आपला रुग्ण मात्र तशा पावासाठी दुकाने पालथी घालतो.

ज्वारीची भाकरी थापणाऱ्या घराला यातले तत्त्व नवे नाही. पिठाची विरी गेली असेल तर उकळते पाणी घालून उकड काढायची, मग भाकरी चिरत नाही. गरम पाण्याने स्टार्च चिकट होऊन ग्लुटेनची उणीव भरून काढतो. १९६० च्या दशकापासून आधी आयात गव्हाने आणि मग हरित क्रांतीने रेशनचे आणि ताटाचे स्वरूप बदलले, तसे हे ज्ञान गरिबीची खूण मानून मागे टाकले गेले. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत सिलिॲकची खूण असलेल्या रक्तातल्या प्रतिपिंडांचे प्रमाण उत्तर भारतात १.२३ टक्के, तर दक्षिणेत ०.१० टक्के आढळले. आनुवंशिक कल दोन्हीकडे जवळपास सारखा, गव्हाचे सेवन मात्र उत्तरेत कितीतरी अधिक. गहू जिथे-जिथे पसरत आहे, तिथल्या आरोग्यव्यवस्थेने यातून काय वाचायचे ते उघड आहे.

किलोमागे २० मिलिग्रॅम ही ग्लुटेनमुक्त अन्नाची मर्यादा आंतरराष्ट्रीय मानकांत आहे, तशी ती आपल्या नियमांतही आली. पण रोजचे ५० मिलिग्रॅम ग्लुटेनही काही महिन्यांत आतड्याला इजा करू शकते, आणि ज्या गिरणीत गव्हामागून ज्वारी दळली जाते, ज्या हिंगात मैदा मिसळलेला असतो, तिथे हा नियम पोहोचतच नाही. इटली आपल्या रुग्णांना अशा अन्नासाठी मासिक रक्कम देते. ब्रिटनमध्ये हा पाव डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळू लागला, पण २०१८ मध्ये इंग्लंडने ती यादी पाव आणि पिठांच्या मिश्रणापुरती आखडली. मिळवलेला हक्कही जपला नाही तर आक्रसतो.

या आजारावर आजही गोळी नाही. जन्मभराचे पथ्य हेच औषध, आणि पथ्यच औषध असेल तर शाळेच्या डब्यात टिकेल असा पाव ही चैन ठरत नाही. गव्हासाठी वेगळी आणि ज्वारी-नाचणीसाठी वेगळी दळणाची सोय, तपासलेले पीठ, परवडणारा भाव आणि भाकरीच्या अनुभवावर उभे राहिलेले पावाचे संशोधन, हे सारे आपल्या आवाक्यातले आहे. डिके यांना जे दिसले ते उपासमारीच्या छायेत दिसले. भरल्या ताटाच्या काळात तेच ज्ञान वापरायला आपल्याला पुन्हा एखादे संकट लागावे, एवढे कारण इतिहासाने आपल्यासाठी ठेवलेले नाही.