परभाषेच्या लेकी

आमच्या वसाहतीत गणेशोत्सवाला मुलांचे नाटक बसविण्याचे काम गेली कित्येक वर्षे आमच्याकडे आहे. मराठी घेऊन एम. ए. केल्याची ही शिक्षा, असे घरातून विनोदाने म्हटले जाते. तापी जेथे समुद्रास मिळते, त्या हजीऱ्यास खत, वायू आणि पोलाद यांचे कारखाने उभे राहिले आणि त्यांच्यामागोमाग खानदेश-कोकणातून जशी आपली माणसे आली, तशी ओडिशा, आंध्र आणि तमिळनाडूतूनही आली. त्यामुळे मंडळ मराठी असले, तरी तालमीच्या वेळी दाराशी गोळा होणारी मुले सर्व प्रांतांची असतात.

२०१० च्या उत्सवात आम्ही शिवरायांच्या बालपणावर एक नाटिका रचली होती. जिजाऊंच्या भूमिकेसाठी शेजारच्या तमिळ कुटुंबातील आठवीतील मुलगी पुढे आली. संवाद तिला तोंडपाठ होते. उभे राहण्यातला ताठपणा, नजर, आवाजातील धार, सारे हवे तसे होते. परंतु 'भवानी'चे तिच्या तोंडी 'बवानी' झाले, 'घोडा' म्हणताना 'गोडा' झाले, आणि मुले हसली. तमिळ लिपीत भ, घ अशी महाप्राण अक्षरेच नाहीत, हे आम्हांस ठाऊक होते. शिवाय तिचा 'ळ' इतका स्वच्छ होता, की त्या जागी सर्रास 'ल' म्हणणाऱ्या आमच्याच काही मुलांनी तिच्याकडून शिकावे. तरीही आम्ही भूमिका दुसऱ्या मुलीस दिली आणि हिच्याकडे पडद्याची दोरी सोपविली. ते काम तिने चोख केले.

पुढील वर्षी, म्हणजे २०११ च्या मे महिन्यात, राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार जाहीर झाले. सर्वोत्कृष्ट अभिनेत्री म्हणून 'बाबू बँड बाजा' या मराठी चित्रपटासाठी मिताली जगताप-वराडकर यांचे नाव वाचून मंडळात आनंदीआनंद झाला. संध्याकाळी त्या मुलीचे वडील म्हैसूरपाकाची डबी घेऊन आमच्याकडे आले. म्हणाले, "मास्तर, पुरस्कार एकच आणि घरे दोन, तुमचे आणि आमचे." पुरस्कार विभागून दिला गेला होता आणि दुसऱ्या मानकरी तमिळ चित्रपटसृष्टीतील सरण्या पोनवण्णन होत्या. बातमीतील ते दुसरे नाव आमच्या डोळ्यांखालून गेले होते. मनात मात्र शिरले नव्हते.

त्या गृहस्थांनी आम्हांस पुढे तबकड्या आणून दिल्या. खाली इंग्रजी अक्षरे वाचीत, अडेल तेथे त्यांना विचारीत, आम्ही एकेक चित्रपट पाहिला. सरण्या यांच्या चित्रपटाचे नाव 'तेनमेर्कु परुवकाट्रु', अर्थात नैर्ऋत्य मोसमी वारा. दिग्दर्शक सीनू रामसामी. तेनीकडच्या रानात शेळ्यामेंढ्या राखणाऱ्या मुलाची विधवा आई, वीरायी, त्यांनी उभी केली आहे. राजेश पिंजानी यांच्या 'बाबू बँड बाजा'तही आईच आहे. बाप बँडवाला, पोराच्या शिक्षणाविषयी उदासीन. आई मात्र पोराने शिकावे म्हणून जिवाचे रान करते. शाळेत आयुष्य घालविलेल्या आमच्यासारख्याने ती आई अनेकदा प्रत्यक्ष पाहिली आहे. एक आई तापीच्या अलीकडची, एक वैगैच्या पलीकडची. परंतु पदर खोचून उभे राहण्याची तऱ्हा तीच.

मग मागे मागे जात राहिलो. 'ज्यूली'मुळे हिंदी प्रेक्षकांस परिचित झालेल्या लक्ष्मी यांना १९७६ चा राष्ट्रीय पुरस्कार 'सिल नेरंगळिल सिल मनिदर्गळ' या तमिळ चित्रपटासाठी मिळाला. जयकांतन यांच्या कादंबरीवरील ही कथा. कोवळ्या वयात एका अनोळखी पुरुषाकडून फसवल्या गेलेल्या आणि त्याचा दोष जन्मभर स्वतःच्या माथी वागविणाऱ्या गंगेची. 'पसि', म्हणजे भूक, या चित्रपटात मद्रासच्या झोपडपट्टीत कचरा वेचणारी मुलगी साकारून शोभा यांनी १९७९ चा पुरस्कार मिळविला. १९८० च्या मे महिन्यात, वयाच्या अवघ्या सतराव्या वर्षी, त्या जग सोडून गेल्या. के. बालचंदर यांच्या 'सिंधु भैरवी'साठी (१९८५) सुहासिनी यांची निवड झाली. त्यातील सिंधू ही संगीतशिक्षिका एका मान्यवर गवयास भर मैफलीत विचारते, की श्रोत्यांना कळेल अशा त्यांच्या भाषेत आपण का गात नाही? बालू महेंद्र यांच्या 'वीडु' या चित्रपटात अर्चना यांनी मद्रासमध्ये स्वतःचे लहानसे घर बांधू पाहणारी नोकरदार मुलगी रंगविली. कर्ज, परवाने, कंत्राटदाराची लबाडी, म्हाताऱ्या आजोबांची आशा. एकही गाणे नसलेला हा चित्रपट कंपनीच्या क्वार्टरमध्ये राहून गावी घर बांधणाऱ्या आमच्या प्रत्येक शेजाऱ्याने पाहावा. १९८७ चा पुरस्कार त्यांना या चित्रपटाने दिला आणि लगेच पुढच्या वर्षीचा 'दासी' या तेलुगू चित्रपटाने.

हे पाहता पाहता एक गोष्ट ध्यानात आली आणि आम्ही खजील झालो. तमिळ चित्रपटाला हा मान मिळवून देणाऱ्या कितीतरी नायिका तमिळ घरांतल्या नव्हेतच. लक्ष्मी या तेलुगू दिग्दर्शक वाय. व्ही. राव यांच्या कन्या. सरण्या या मल्याळी चित्रपटांचे दिग्दर्शक ए. बी. राज यांच्या कन्या. शोभा मल्याळी. अलीकडे 'सूरराई पोट्रु'साठी २०२० चा पुरस्कार मिळविणाऱ्या अपर्णा बालमुरली त्रिशूरच्या. मदुरैकडची बोली त्यांनी कष्टपूर्वक शिकून घेतली. आपल्या भाषेचा अभिमान ज्यांच्याइतका क्वचितच कोणी बाळगीत असेल, त्या तमिळ लोकांनी या परभाषेच्या लेकींना जीभ वळेपर्यंत अवधी दिला. आम्ही एका मुलीला एक आठवडासुद्धा दिला नाही.

आणि आम्ही तरी कोण? या गुजरात राज्यात आम्ही तीस वर्षे शिकवीत आलो. आमची गुजराती आजही मराठी वळणाची आहे. पालकसभेत आम्ही बोलू लागलो, की मागच्या बाकावर कोणी तरी गालातल्या गालात हसते, हे आम्हांस दिसते. तरीही या लोकांनी आपली मुले आमच्या हाती दिली आणि सरकारने शाळा दिली. आमच्या उच्चारांवरून कोणी आमच्या हाती पडद्याची दोरी दिली नाही.

२०११ च्या गणेशोत्सवात आम्ही त्या मुलीस मुद्दाम बोलावून मुख्य भूमिका देऊ केली. तिने खाली पाहिले आणि म्हणाली, "नको काका, मी पडदाच ओढते." त्या वाक्यात 'ढ' हे एकच महाप्राण अक्षर होते, उच्चार निर्दोष होता. पुढच्या उन्हाळ्यात तिच्या वडिलांची बदली झाली आणि ते कुटुंब येथून गेले. तिने पुन्हा कोठे रंगमंचावर पाऊल ठेवले की नाही, हे विचारण्याचे धैर्य आम्हांस झाले नाही.

२०२४ च्या ऑगस्टमध्ये २०२२ सालचे पुरस्कार जाहीर झाले, तेव्हा 'कच्छ एक्सप्रेस'साठी मानसी पारेख यांची निवड झाल्याने आमच्या शिक्षककक्षात गुजराती सहकाऱ्यांनी पेढे वाटले. याही वेळी पुरस्कार विभागून होता. "दुसरी कोण, साहेब?" असे एका तरुण शिक्षकाने विचारले. आम्ही सांगितले, "नित्या मेनन. चित्रपट 'तिरुचित्रंबलम', तमिळ. मुलगी मल्याळी घरातली, वाढली बंगळूरला." त्याने ते नाव वहीत टिपून घेतले, याचे आम्हांस फार बरे वाटले.

आता आमच्या तालमी उत्सवाच्या दोन महिने आधी सुरू होतात. पहिला महिना केवळ उच्चारांचा. 'भ' आणि 'घ' ज्यांना जड जातात त्यांच्यासाठी, आणि 'ळ' विसरलेल्या आपल्या मुलांसाठीही. कोणी चुकल्यास हसायचे नाही, हा एकच नियम. परप्रांती मंडळे चालविणाऱ्या आमच्या वाचकांस विनंती एवढीच, की यंदाच्या नाटकाची पात्रयोजना करण्यापूर्वी दाराशी उभ्या असलेल्या मुलांकडे एकदा नीट पाहावे.