टाकीत स्पिरिट ओतू नका



‘डिझेलच्या टाकीत पाणी गेले तर लिटरभर स्पिरिट ओतावे’ हा आपल्या अंकातील वाचकपत्रातला सल्ला वाचून काळजी वाटली. जुन्या गाड्यांनी असले प्रयोग सोसले असतील, बीएस-६ च्या कॉमन रेल इंजिनाला ते सोसत नाहीत. तिथे डिझेल दीड हजार बारच्याही वर दाबाने जाते आणि पंप-इंजेक्टरचे वंगणही तेच असते. स्पिरिटात वंगण नाही. उलट ते पाणी विरघळवून थेट इंजेक्टरपर्यंत पोचवते, शिवाय डिझेल अधिक ज्वालाग्राही होते.

पाणी डिझेलपेक्षा जड असल्याने तळाशी बसते. गाडी सपाट जागी रात्रभर उभी ठेवावी, सकाळी स्टार्टर न मारता टाकीच्या तळाचा ड्रेन प्लग सैल करून काचेच्या बाटलीत धरावे. स्वच्छ डिझेल येईपर्यंत सोडावे. मग वॉटर सेपरेटर रिकामा करून फिल्टर बदलावेत आणि हातपंपाने हवा काढावी. काळपट, बुळबुळीत गाळ निघाला तर ती जंतूंची वाढ असते. अशा वेळी टाकी उतरवून धुण्याला पर्याय नाही.

पत्रलेखकांनी सारा दोष पंपवाल्यांवर टाकला आहे, तोही पटत नाही. अर्ध्या रिकाम्या टाकीत पावसाळी हवेतली वाफ थंड होऊन पाणी साचते, झाकणाचे झिजलेले रबरही पाणी आत घेते. पंपाचा संशय असेल तर भूमिगत टाकीची वॉटर पेस्ट लावून तपासणी मागावी.

चालकबंधूंना विनंती, रोज गाडी काढण्यापूर्वी सेपरेटर पाहा.

– एक ट्रकमालक