कासवाच्या पेटीत मातीच हवी!

आपल्याकडे स्टार कासव घरात ठेवणं १९७२च्या वन्यजीव कायद्याने गुन्हाच. इंग्लंडातल्या लेकीसुनांना मात्र हर्मन कासव पाळता येतं, म्हणून त्यांच्यासाठी लिहिते. ‘मातीत जीव असतात’ म्हणून पेटीत वर्तमानपत्र अंथरायचं, ही कसली अहिंसा? पृथ्वीकाय एकेंद्रिय, कासव पंचेंद्रिय! कागदावर त्याचे पाय घसरतात, अंग पुरून घेता येत नाही. सीडरचा सुगंधी भुसा तर नकोच, त्यातली तेलं बाधतात. कोरडी वाळू घासाबरोबर पोटात गेली की आतडं तुंबू शकतं. (दुकानदाराचं काय, तो दोन्ही विकेल.) खत-औषध नसलेली माती आणि कोकोपीट कालवून निदान चार बोटं थर द्या, किंचित ओलसर ठेवा. फार कोरड्यात पिल्लाची पाठ उंचसखल वाढते. विष्ठा रोज उचला, तिथे आळस नको.