रांगेतील शेवटचा मालक

जयपूरच्या मालवीय नगरातील शेअर बाजार १९८९ साली सुरू झाला आणि २०१५ साली अधिकृतपणे बंद झाला. परंतु बाजार शहरातून गेला नाही. तो लोकांच्या खिशातील फोनमध्ये शिरला. जोहरी बाजारातील पेढीवरचा कारकून, निवृत्त शिक्षक, लहान दुकानदार हे सारे आज मुंबईच्या बाजाराशी थेट जोडले गेले आहेत. जे जयपूरचे, तेच नागपूरचे आणि इंदूरचे. या लहान भागधारकाला डबघाईला आलेल्या विमान कंपनीच्या स्वस्त समभागाचा मोह हमखास पडतो. एवढी मोठी, नावाजलेली कंपनी कायमची कशी बुडेल, या एकाच प्रश्नावर त्याची आशा उभी असते. जेट एअरवेजच्या प्रकरणाने या प्रश्नाचे उत्तर दिले आहे. ते नीट समजून घेणे अगत्याचे आहे.

२००५ च्या आरंभी जेटचा समभाग जनतेला ११०० रुपयांना विकण्यात आला. चौदा वर्षांनी, २५ मार्च २०१९ रोजी, संस्थापक नरेश गोयल यांनी संचालक मंडळ सोडले आणि बँका कंपनी हाती घेणार असे जाहीर झाले. बाजाराने त्या दिवशी आनंद साजरा केला, समभाग वधारला. त्यानंतर तीन आठवडेच लोटले. १७ एप्रिलला बँकांनी तातडीची रक्कम नाकारली आणि अमृतसर-मुंबई हे शेवटचे विमान उडाले. जयपूरच्या सांगानेर विमानतळावरूनही जेटचे नाव पुसले गेले. २० जून २०१९ रोजी राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरणाच्या मुंबई खंडपीठाने दिवाळखोरीचा अर्ज दाखल करून घेतला. त्याच दिवशी समभागाचा भाव जवळजवळ दुप्पट झाला! गिरणीला टाळे लागावे आणि त्याच दिवशी गिरणीचा भाव चढावा, असा हा प्रकार होता.

पुढची पाच वर्षे हाच खेळ चालला. जून २०२१ मध्ये जालान-कॅलरॉक गटाची पुनरुज्जीवन योजना मंजूर झाली आणि आशेला पुन्हा पालवी फुटली. परंतु तिकीट काढून बसलेला एकही प्रवासी घेऊन जेटचे विमान पुन्हा उडाले नाही. अखेर ७ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कंपनी विसर्जित करण्याचा आदेश दिला. नव्या धन्यांनी भरलेले २०० कोटी रुपये जप्त झाले आणि १५० कोटींची बँक हमी वसूल करण्यास परवानगी मिळाली. या साऱ्या काळात समभागाची खरेदी-विक्री मात्र सुरूच होती. ज्याला आतली बातमी आधी कळते, त्याने वरच्या भावाला विकले; ज्याला ती वर्तमानपत्रातून कळते, त्याने विकत घेतले.

लहान भागधारकाला सांगितले जाते की तो कंपनीचा मालक आहे. हे मालकपण किती खरे, हे २०१६ च्या दिवाळखोरी संहितेचे कलम ५३ वाचले म्हणजे कळते. मालमत्ता विकून येणाऱ्या पैशातून प्रथम प्रक्रियेचा खर्च भागवायचा. मग तारण घेतलेले धनको आणि कामगारांची चोवीस महिन्यांची देणी, दोन्ही एकाच पायरीवर. त्यानंतर इतर कर्मचाऱ्यांचे बारा महिन्यांचे वेतन, मग विनातारण कर्जे, मग सरकारी देणी, मग उरलेली कर्जे, मग अग्रहक्क भागधारक. सर्वांत शेवटी साधा समभागधारक. वर जेटवर बँकांचेच कर्ज सुमारे ८,५०० कोटींचे! आणि वाटायला होते काय? जेटची बहुतेक विमाने भाड्याची होती. ती मालकांनी परत नेली. विमानतळांवरील उड्डाणाच्या वेळा इतर कंपन्यांना वाटून देण्यात आल्या. भागधारकाच्या हाती उरले ते नाव.

काही जण अमेरिकेचा दाखला देतात. तेथे अमेरिकन एअरलाइन्सच्या भागधारकांना २०१३ साली दिवाळखोरीनंतरही काही मिळाले, हे खरे. परंतु त्याच देशात युनायटेडचे जुने समभाग २००६ साली आणि डेल्टाचे २००७ साली रद्द झाले. विमाने उडत राहिली, कंपनी वाचली. जुना भागधारक मात्र बुडाला. कंपनी वाचणे आणि भागधारक वाचणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हेच नेमके दडवले जाते.

याहून घातक परिणाम मनावर होतो. जेटच्या कामगारांनी भविष्य निर्वाह निधी आणि उपदान यांसाठी झगडा दिला. ऑक्टोबर २०२२ मध्ये अपील न्यायाधिकरणाने आणि जानेवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांचा हक्क मान्य केला. अशा वेळी समभाग धरून बसलेल्या मध्यमवर्गीयाला वाटू लागते की, कामगारांची देणी हाच पुनरुज्जीवनातला अडथळा आहे. दहा-वीस हजारांच्या आशेपायी तो स्वतःसारख्याच पगारदार माणसाच्या विरुद्ध बाजूला जाऊन उभा राहतो. वस्तुतः त्याचे हित कोणाशी जोडलेले आहे? २०११ साली सार्वजनिक बँकांच्या पुढाकाराने धनको बँकांनी किंगफिशरचे कर्ज समभागांत बदलून घेतले, तेही बाजारभावाहून साठ टक्क्यांहून अधिक चढ्या दराने. पुढच्याच वर्षी किंगफिशर जमिनीवर आली. त्या बँकांत ठेवी होत्या त्या याच लहान माणसाच्या. म्हणजे तो भागधारक म्हणून बुडतो आणि त्याच्या ठेवी सांभाळणारी बँकही बुडीत कर्जाने पोखरली जाते. बडे धनी मात्र विमानाबाहेर सुखरूप उतरण्याची वाट आधीच शोधून ठेवतात.

म्हणून लहान बचतदाराला मूर्ख ठरवून भागणार नाही. ठेवीवरचे व्याज महागाईला पुरत नाही, निवृत्तिवेतनाची शाश्वती नाही. अशा माणसाला सट्ट्याकडे ढकलणारी परिस्थिती निर्माण करण्यात आली आहे. त्याला उपदेश नको, संरक्षण हवे. दिवाळखोरीत गेलेल्या कंपनीचा समभाग विकत घेताना, तुमचा क्रमांक रांगेत शेवटचा आहे, हे त्याच्या भाषेत आणि खरेदीपूर्वी सांगणे बंधनकारक झाले पाहिजे. कामगारांची देणी पूर्णपणे पहिल्या क्रमांकावर आली पाहिजेत. सार्वजनिक बँकांनी बड्या कर्जदारांना दिलेल्या प्रत्येक सवलतीचा हिशेब ठेवीदारांसमोर मांडला गेला पाहिजे.

पुढची विमान कंपनी डबघाईला येईल तेव्हा तिचा समभाग पुन्हा स्वस्त होईल, आणि जयपुरात, नागपुरात तोच प्रश्न पुन्हा विचारला जाईल. विचारणाऱ्याला आपल्या साथींनी कलम ५३ वाचून दाखवावे, आणि त्याच वेळी, पगार थकलेल्या कर्मचाऱ्यांची सभा कोठे भरली आहे तेही सांगावे.